बशीसकट

पिंपरखेडा
२८ मे १९९५

चंपतभाऊजींस मनकर्णावहिनीचा जयभीम.

दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे, म्हणून आधी बातमी सांगते आणि रागवायचं नंतर बघते. आपल्या गावची सरपंचाची जागा या वेळी बायांसाठी राखीव निघाली आणि मी अर्ज भरला. उद्धवरावांनी सात वर्षं खुर्ची उबवली, आता बायकोला, बयनाबाईंना उभं केलंय. तिसरी जयवंताबाई आहे, पण ती नवऱ्याशी भांडून उभी राहिली असं सगळे म्हणतात.

भीमनगर आणि शाळेच्या मधे नाल्यावर रपटा, म्हणजे छोटासा फरशीपूल हवा, म्हणून मी पाच वर्षं पंचायतीत अर्ज देते आहे. पावसाळ्यात आपली पोरं महिना-महिना शाळेत जात नाहीत. दर वेळी मला ओट्याखाली उभं करून अर्ज वरून घेतात, आणि पुढं तो कुठं जातो ते कुणालाच ठाऊक नसतं. या वेळी अर्ज घेणारीच मी होणार आहे.

आता तुमचं काम. अठ्ठ्याऐंशी साली बाबा वॉर्डाला उभे होते आणि चार मतांनी पडले, ते तुम्हाला आठवत असेलच. तेवीस मतं बाद झाली होती, त्यातली बहुतेक आपल्याच म्हाताऱ्यांची. मतपत्रिकेवर नावं नसतात, नुसती चिन्हं असतात, आणि त्या बिचाऱ्यांना बाबांचं चिन्ह सापडलंच नाही. तसं मला पुन्हा होऊ द्यायचं नाही. तुम्ही आदिलाबादेत एवढं पेंटरचं दुकान चालवता, घरच्या भिंती काय परक्यानं रंगवायच्या?

बाबांना हे पत्र माहीत नाही. तुमच्या दादांना माहीत आहे, ते हसले. बसचे ड्रायव्हर नागोराव आपल्याच वस्तीतले, त्यांच्याच हाती पाठवते आहे. उत्तरही त्यांच्याच हाती द्या, टपालाच्या भरवशावर राहू नका.

तुमची वहिनी
मनकर्णा


आदिलाबाद
३१ मे १९९५

वहिनींना सप्रेम जयभीम.

पत्र दुकानात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या टेलरला मराठी कळत नाही, त्याला हिंदीत पुन्हा सांगितलं. आमची वहिनी सरपंच होणार म्हणून चहाही पाजला.

भिंती रंगवणं म्हणजे चुना फासून नाव लिहिणं नव्हे. ते कुणीही करतं, म्हणून तर कुणाच्या लक्षात राहत नाही. या गावात थिएटरचं नवं पोस्टर लागलं की टांगेवाल्यालाही लांबून कळतं कोणता सिनेमा आहे, कारण रंग ठरलेला, अक्षराचं वळण ठरलेलं, तोंड कुठं आणि हात कुठं हेही ठरलेलं असतं. तसं तुमचं करायचं. एकच रंग, म्हणजे अर्थातच आपला निळा. एकाच वळणाची अक्षरं, वर मराठी आणि खाली तेलुगू. आणि एकच चित्र, जे वेशीवरच्या भिंतीवर आहे तेच नाल्याकाठच्या शेवटच्या भिंतीवर. माणूस गावात शिरला की त्याला मनकर्णा दिसली पाहिजे.

चिन्ह काय मिळतं ते आधी कळवा. दिवा किंवा कंदील मिळाला तर माझ्यावर सोडा, उजेड असा पाडतो की उद्धवरावांना घरात बसून दिसेल.

बाबांना सांगू नका म्हणालात, ते बरं केलंत. मी मास्तर झालो नाही आणि ब्रश हातात घेतला, हे त्यांनी अजून माफ केलेलं नाही. पण मुलाचं काम गावभर बघतील तेव्हा बघू काय म्हणतात.

आपला
चंपत


पिंपरखेडा
८ जून १९९५

चंपतभाऊजी,

दिवा नाही, कंदील नाही. मंडल ऑफिसात तेलुगू अक्षरांच्या क्रमानं नावं वाचली आणि यादीतली चिन्हं एकामागून एक देऊन टाकली. आधी जयवंताबाई, तिला शिडी. मग बयनाबाई, त्यांना पाण्याचा जग. मग मी, मला कपबशी. मी साहेबांना विचारलं, बदलून मिळेल का? त्यांनी मान हलवली आणि पुढच्या गावाची यादी काढली.

मला स्वतःला कपबशीचं काही नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर बाबा खाटेवरून उठले. "मले नाई पायजे ते कपबशी," म्हणाले. "अर्ज मागं घे." मी विचारलं, काऊन? तर बाहेर जाऊन बसले. मग तुमच्या दादांनी सांगितलं.

तुम्ही लहान असताना गाव सोडलंत, तुम्हाला किती ठाऊक आहे कोण जाणे. चौकातल्या नागनाथच्या हॉटेलात त्याच्या बापाच्या वेळी आपल्या लोकांसाठी वेगळा कप होता. वळचणीला खिळ्यावर टांगलेला, कान तुटलेला. आपल्या माणसानं तो काढायचा, समोर धरायचा, मालकानं वरून चहा ओतायचा, पिऊन झाला की आपणच धुऊन परत टांगायचा. बाबांनी एक दिवस भरलेला कप तसाच पायरीवर ठेवला आणि निघून आले. त्याला आता चोवीस वर्षं झाली. त्या हॉटेलात ते पुन्हा गेले नाहीत. आता तो कप नाही, पोरं बाहेर उभी राहून ग्लासात चहा पितात. खिळा मात्र अजून तिथंच आहे.

आता बोला. मी अर्ज मागं घेणार नाही, एवढं धरून चला.

मनकर्णा


आदिलाबाद
१० जून १९९५

वहिनी,

खिळा मला ठाऊक होता, कपाचं ठाऊक नव्हतं. बाबा घरात कधी बोललेच नाहीत.

पण चिन्ह वाईट नाही, उलट मी तर म्हणतो फार चांगलं आहे. कपबशी ओळखत नाही असा माणूस दाखवा. आदिलाबादच्या निम्म्या हॉटेलांच्या पाट्यांवरची कपबशी माझ्या हातची आहे, डोळे मिटून काढीन.

आणि मला एक सुचलंय. त्या कपाला कान नव्हता ना? मग आपल्या कपाला असा कान काढतो की चौकातून वेशीपर्यंत कानच दिसेल. भला मोठा, सोनेरी, अख्खी मूठ आत जाईल असा. निळा कप, त्यावर गुलाब, वर वाफ आणि तो कान. आपल्या माणसांना काही सांगावं लागणार नाही, बघितलं की कळेल. याला म्हणतात चित्र!

तेरा तारखेला पहिल्या बसनं डबे घेऊन येतो. भिंती कुणाच्या मिळतात ते ठरवून ठेवा. घरातल्या बायांना विचारून ठरवा, कारण भिंत सारवतात त्या, आणि आधी विचारलं नाही तर दुसऱ्या दिवशी माझ्या चित्रावर शेणाचा हात फिरतो. हे मी अनुभवानं सांगतो.

चंपत


पिंपरखेडा
१८ जून १९९५

चंपतभाऊजी,

चार दिवस तुम्ही राबलात, अकरा भिंती झाल्या. खरं सांगते, एवढं देखणं काही या गावात कुणी पाहिलं नव्हतं. ताराबाईनं तर आपल्या भिंतीसमोर बाज टाकली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून दाखवते. बयनाबाईंचा जग म्हणजे डांबरानं काढलेला दुधी भोपळा. उद्धवराव स्वतः आपली वेशीवरची भिंत बघून गेले म्हणे, तोंड आंबट करून.

आता दुसरं सांगते, ते बसून वाचा.

मंडल ऑफिसातून मी मतपत्रिकेचा नमुना आणला. मला अठ्ठ्याऐंशी साल विसरता येत नाही. म्हणून काल आपल्या घरात खोक्याची पेटी केली, शाईचं पॅड ठेवलं, बाटलीच्या बुचाचा शिक्का केला आणि वस्तीतल्या बारा म्हाताऱ्या बायांना एकेक करून आत बोलावलं. कागद हातात दिला आणि म्हटलं, माझ्या चिन्हावर शिक्का मारा.

बारांपैकी नऊ जणींनी जगावर मारला.

मी हादरलेच. चंपाबाईंना विचारलं, जगावर काऊन मारला? त्या म्हणाल्या, "तुया कपाले मोठा कान हाय न्? म्या कान पाह्यला न् ठोकला." कागद पुन्हा बघितला. छापील कपबशी बोटाच्या पेराएवढी, काळ्या रेघेची, ना गुलाब ना वाफ, आणि तिचा कान ज्वारीच्या दाण्याएवढा. जगाचा कान मात्र वरपासून खालपर्यंत. अख्ख्या कागदावर तुमचा मोठा कान एकालाच आहे, आणि तो बयनाबाईंना आहे. भाऊजी, आपण आपले डबे संपवून अकरा भिंतींवर त्यांचा प्रचार केलाय.

आणखी एक. तो गुलाब तुमच्या दादांनी ओळखला. नागनाथच्या हॉटेलच्या नव्या बोर्डावर कपबशी आहे, तिच्यावर हाच गुलाब, हीच वाफ. दादांनी ते बाबांना सांगितलं नाही, पण बाबाही चौकात जाऊन आले. बोर्डाकडे बघितलं, परत येऊन आपल्या भिंतीकडे बघितलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले. तो बोर्ड तुमच्या हातचा, हे खरं आहे का?

मतदान सत्तावीसला आहे. नऊ दिवस उरलेत.

मनकर्णा


आदिलाबाद
२० जून १९९५

वहिनींस,

हो, बोर्ड माझा आहे. गेल्या वर्षी नागनाथ दुकानात आला. गिऱ्हाईक आलं, मी काम केलं. त्यानं मला ओळखलं नाही आणि मीही सांगितलं नाही की मी रामाजींचा मुलगा. कपाचं मला ठाऊक असतं तर काय केलं असतं, ते आता सांगता येत नाही.

कानाचं म्हणाल तर चित्रात दोष नाही. चित्र लोकांच्या डोळ्यात भरलंय, हे तुम्हीच लिहिलंय. ते मतपत्रिकेवर शोधायला बायांना शिकवणं हे तुमचं काम, त्यात पेंटर काय करणार? सात दिवस पुष्कळ आहेत. इथं शाळा उघडल्या, पाट्यांची कामं रांगेत आहेत, मला येणं जमणार नाही.

चंपत


पिंपरखेडा
२१ जून १९९५

चंपतभाऊजी,

नागोराव बस थांबवून उभे आहेत, म्हणून उभ्याउभ्या लिहिते.

तुमचं पत्र वाचून संताप आला. माझी उमेदवारी म्हणजे तुमच्या दुकानाची जाहिरात नाही. चंपाबाई सत्तर वर्षांच्या आहेत, उन्हातान्हात चालत जाऊन मत देणार आहेत आणि ते मत दुसऱ्याच्या पेटीत जाणार आहे. शिकवायचं म्हणता, तर भिंत रोज शिकवते, मी एकदा शिकवीन. दोघी वेगवेगळं शिकवायला लागलो तर म्हातारी भिंतीचं ऐकेल.

पण हे पत्र रागासाठी नाही. काल मी नमुन्याचा कागद बाबांपुढं ठेवला आणि म्हटलं, बाबा, तुम्हीच सांगा यात माझं काय वेगळं दिसतं. बराच वेळ बघत बसले. मग बशीवर बोट ठेवलं.

"कान तं ह्या जगालेबी हाय," म्हणाले. "बशी कोनालेच नाई."

मी म्हटलं, हो.

मग स्वतःहून बोलले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "खिळ्यावर नुसता कप राहे. बशी नाई देल्ली आमाले कदी. वरून चा ओते, बोटं भाजे, तोंड भाजे. बाकीचे लोक आत बसून बशीत ओतून पेत. आमी कान नाई म्हनून रडलो नाई, पोरी. आमाले बशी पायजे होती."

भाऊजी, कान चुकीचा होता. मतपत्रिकेवरही आणि त्या खिळ्यावरही.

शिडीला बशी नाही, जगाला बशी नाही. या पत्रात नमुन्याचा कागद ठेवला आहे. जसा आहे तसाच काढा, काळ्या रेघेनं. गुलाब नको, वाफ नको, निळा नको. कपाचा कान इथं जेवढा दिसतो तेवढाच. फक्त बशीची रेघ जाड. तुम्ही आला नाहीत तर चुन्याची बादली घेऊन मीच भिंतींवर चढणार आहे, आणि माझ्या हातची कपबशी कशी दिसेल ते तुम्ही जाणताच.

मनकर्णा


आदिलाबाद
२२ जून १९९५

वहिनी,

तुमचा कागद दुकानाच्या भिंतीला लावला आणि सहा पावलं मागं येऊन उभा राहिलो. डोळे बारीक केले, चंपाबाईंना दिसत असेल तसे. माझीच कपबशी शोधत होतो आणि मला जग दिसला. पंधरा वर्षं पाट्या रंगवतो आहे, पण माणसाला ती पाटी पुढं कुठं शोधायची आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझं चुकलं. मोठा कान काढताना मला बाबांचं दुःख दिसत नव्हतं, माझा ब्रश दिसत होता.

पाट्यांची कामं राहू द्या. उद्या सकाळच्या बसनं येतो. चुना भिजवून ठेवा. ताराबाईंना समजावून सांगा, त्या गुलाबासाठी भांडतील.

बाबा समोर आले तर काय बोलू ते मात्र कळत नाही.

चंपत


पिंपरखेडा
१ जुलै १९९५

चंपतभाऊजींस सरपंच मनकर्णाबाईंचा जयभीम!

निकाल तुम्हाला नागोरावांकडून त्याच दिवशी कळला, पण माझ्या हातानं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मला तीनशे बारा, बयनाबाईंना दोनशे एक्याऐंशी, जयवंताबाईला चौसष्ट. बाद फक्त सात. अख्ख्या गावात सात! चंपाबाई बूथमधून बाहेर आल्या आणि पोलिसासमोर ओरडल्या, "बशीवरच मारला बाई!" त्यानं काठी आपटली तर त्यालाही सांगितलं.

तुम्ही गेल्यावर पंचवीस तारखेला मी पुन्हा पेटी मांडली होती. बारांपैकी अकरा बरोबर. ताराबाईनं मात्र शिडीवर मारला. गुलाब पुसल्याचा राग, आणखी काय. खऱ्या मतदानात काय केलं ते सांगत नाही, नुसती हसते.

आपली भिंत अगदी साधी दिसते, काळी रेघ आणि पांढरा चुना. पण काल बेला गावाकडून आलेल्या एका माणसानं वेशीवरून मला विचारलं, "बशीवाल्या सरपंच तुमीच का?" तुम्ही पहिल्या पत्रात म्हणाला होतात ना, गावात शिरला की मनकर्णा दिसली पाहिजे. दिसली.

रपट्याचा अर्ज मीच लिहिला आणि खुर्चीवर बसून मीच घेतला. त्याच्यावर पहिला ठराव होईल.

आता खरं सांगायचं ते पुढं आहे.

परवा सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून निघाले. कुठं म्हणून विचारलं नाही, तुमच्या दादांना मागं पाठवलं. त्यांनी पाहिलं ते सांगते. बाबा सरळ चौकात गेले, हॉटेलात शिरले आणि आतल्या बाकावर बसले. आत माणसं होती. नागनाथ गडबडला, त्यानं ग्लासात चहा आणून समोर ठेवला. बाबांनी हात लावला नाही.

"कपबशी आन," म्हणाले.

नागनाथ म्हणाला, "रामाजीबुवा, आता कपबशी ठेवत नाई. सगळ्याइले ग्लासच देतो."

बाबांनी वर बोट दाखवलं. "बोर्डावर काढून ठेवली न्? मंग आन."

नागनाथनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग मागच्या दारानं घरात गेला. दादा म्हणतात, आतून भांड्यांचा आवाज आला, त्याच्या बायकोचा, रुक्माबाईंचा आवाज आला, आणि मग नागनाथ दोन्ही हातांत धरून घेऊन आला. पाहुण्यांसाठीची, कपाटातली. कानासकट आणि बशीसकट. ग्लासातला चहा त्यानं स्वतः कपात ओतला, खाली टेकवून, वरून नव्हे.

बाबांनी बशीत ओतला, फुंकला आणि असा भुरका मारला की पानटपरीवरच्या माणसांनी वळून पाहिलं. सगळा चहा प्यायले. घाई केली नाही. कप-बशी धुवायला उठले नाहीत, तिथंच बाकावर ठेवली.

घरी आल्यावर मी विचारलं, चहा कसा होता? "गोड कमी," म्हणाले. मग खाटेवर बसले आणि म्हणाले, "चंप्याले लिहिशीन तं सांग. नागनाथच्या घरच्या बशीवर गुलाब हाय. पन चंप्यानं काढलेला त्यापरीस बरा होता."

दसऱ्याला भिंती सारवणार आहोत. आपल्या घराची पुढची भिंत तुमच्यासाठी राखून ठेवायला बाबांनी सांगितलं आहे. कपबशी नको, नुसता गुलाब.

तुमची वहिनी
मनकर्णा